इलेक्ट्रिक डर्ट बाइक : बॅटरीच्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? (मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी कर्जतच्या पुढे, कशेळ्याच्या बाजूला, ५७ किलोचं धूड भर पावसात पावणेदोन किलोमीटर ढकलत आणलं. पोटऱ्या अजून बोलतायत.

गाडी सेकंडहँड आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहून जाईल. बॅटरी ६० व्होल्ट, ४० अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर २४०० वॉट-अवर. मोटर मधे, मागच्या चाकाला चेन, इको आणि स्पोर्ट असे दोन मोड. नंबर नाही, पासिंग नाही, त्यामुळे रस्त्यावर काढायचा प्रश्नच येत नाही. भांडुपहून छोट्या हत्तीत टाकून मित्राच्या मामांच्या जागेत नेतो. त्यांची आणि भावकीची मिळून जमीन बरीच आहे. सगळ्यांना विचारून ९ किलोमीटरचा फेरा आखलाय : आधी शेतरस्ता, मग ओढा, त्यानंतर वरकस जमिनीवरून चढ (फोन म्हणतो १२५ मीटर) आणि दुसऱ्या अंगाने खाली.

रविवारचा हिशोब असा. निघताना ८० टक्के. पहिल्या फेऱ्यानंतर ६३, दुसऱ्यानंतर ४६. म्हणजे फेऱ्याला १७. म्हटलं तिसरा फेरा आरामात होईल, वर २९ उरतील. चढाच्या पायथ्याशी ४१ होते. चढावर चिखल, चाक फिरतंय, मी स्पोर्टमध्ये. माथा हाकेच्या अंतरावर असताना आकडा बघितला तर २२, आणि पुढच्या क्षणी डिस्प्ले काळा. पाच मिनिटांनी बटण दाबलं तर गाडी म्हणते ३१! खूश होऊन पीळ दिला, दोनशे मीटरवर पुन्हा बंद. उतार होता तोवर घरंगळत आलो, ओढ्यापासून पुढे ढकलगाडी. मामांनी चहा दिला आणि "बैल बरे होते" एवढंच म्हणाले.

तेव्हापासून धसका बसलाय. काल पुन्हा गेलो तर ५० दिसताच मागे फिरलो, मामांच्या घरी पोचलो तेव्हा ३८ शिल्लक. आणि सगळा वेळ नजर वाटेवर नाही, डिस्प्लेवर. त्या नादात एका बांधावर आपटलोही. अशी गाडी चालवण्यात काय मजा?

बॅटरीची निगा मी नीट राखतो असं मला तरी वाटतं. ती काढून चौथ्या मजल्यावर आणतो (लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले की बॉम्ब घेऊन चालल्यासारखं बघतात), आयुष्य वाढावं म्हणून कधीही ८० टक्क्यांच्या वर चार्ज करत नाही. रात्री चार्जिंगला आईची बंदी आहे, त्यामुळे सुट्टीच्या दुपारी समोर बसून.

तर प्रश्न हा की परत फिरायचं कधी, हे ठरवायचं कशावरून? टक्के, व्होल्ट की किलोमीटर? ३१ खरे होते की २२? दुसरी बॅटरी परवडणार नाही. मामांकडे जेवणाच्या वेळात चार्ज करता येईल, पण तिथे संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि लाइटही जाते.

प्रतिसाद १

माथेरानला न्या की. कर्जतहून जवळच आहे, चढही भरपूर.

धागाकर्ता

दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्यांना बंदी आहे हो. ढकलण्याचा सराव मात्र चांगला होईल.

प्रतिसाद २

भाऊ, ठाण्यात माझं ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांचं काम आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी चढाचा हिशोब. तुम्ही, गाडी, बॅग मिळून १४५ किलो धरू. एवढं वजन १२५ मीटर वर न्यायला सुमारे ५० वॉट-अवर लागतात. मोटर, कंट्रोलर, चेनमधली गळती धरून ७० म्हणा. २४०० पैकी ३ टक्के! तुमच्या डिस्प्लेने १९ टक्के खाल्ले. चिखलात फिरलेल्या चाकाने काही खरंच खाल्ले असतील, पण सगळे नाही. बाकीची थाप आहे.

थाप का मारतो? तुमच्या पॅकमध्ये बहुधा १६ सेल-गट एकापुढे एक जोडलेले आहेत. पूर्ण भरल्यावर ६७.२ व्होल्ट. जोरात पीळ दिला की आतल्या रोधामुळे व्होल्टेज खाली बसतं, सोडला की वर येतं. डिस्प्ले व्होल्टेजवरून टक्के काढत असेल तर चढावर कमी दाखवणार आणि थांबल्यावर जास्त. २२ खरे नाहीत आणि ३१ही नाहीत. करंट दुप्पट केला की आत वाया जाणारी उष्णता चौपट होते, म्हणून चिखलाच्या चढाला स्पोर्ट मोड म्हणजे फाटक्या खिशात पैसे ठेवणं.

पण गाडी बंद पडली ती टक्क्यांमुळे नाही. बीएमएस (बॅटरी सांभाळणारं पॅकमधलं सर्किट) प्रत्येक गटावर वेगळी नजर ठेवतो. सोळातला एक जरी ३ व्होल्टच्या आसपास घसरला तरी तो सगळा पॅक बंद करतो. बाकी पंधरा धष्टपुष्ट असले तरी. तुमच्यात एक गट मागे पडलाय, असा माझा दाट संशय आहे.

आणि रागावू नका, पण त्याला तुमची निगाच कारणीभूत असावी. बहुतेक साधे बीएमएस गटांची बरोबरी करतात ती चार्जिंगच्या अगदी शेवटी. जे आधी भरले त्यांचं जास्तीचं थोडं थोडं सांडून मागच्याला गाठू देतात. तुम्ही दर वेळी ८०लाच प्लग काढता, म्हणजे ती वेळ कधी येतच नाही. रोजच्याला ८० ठीक आहे, पण महिन्यातून एकदा पूर्ण भरा आणि भरल्यावरही काही तास चार्जर लावून ठेवा, समोर बसूनच. आईंचं बरोबर आहे. बीएमएसला ब्लूटूथ असेल तर ॲपमध्ये गटागटाचे व्होल्ट दिसतील, ते इथे टाका.

प्रतिसाद ३

दादा, मी बदलापूरच्या बाजूला अशीच गाडी चालवते. डिस्प्लेच्या टक्क्यांवर मी सरळ काळी चिकटपट्टी लावलीये.

तुमचा फेरा ठरलेला आहे, मग फेरे मोजा. १७ टक्के म्हणजे सुमारे ४१० वॉट-अवर, किलोमीटरला ४५. पावसाळ्यात हे ठीकच आहे. आकडा बघायचाच तर चढाच्या पायथ्याशी थांबून, पीळ सोडून, मिनिटभराने व्होल्ट बघा. चालत्या गाडीवर बघूच नका. आणि "निम्मे उरले की मागे" हा नियम तुमच्या वाटेला लागू नाही, कारण माथ्यानंतर उतारच आहे. चढायचं की नाही हे पायथ्यालाच ठरवा, मधे नाही.

मामांकडे जेवताना चार्ज करा. चार्जर १० अँपिअरचा असेल तर तासाभरात पाव बॅटरी भरते, म्हणजे तुमचा एक फेरा आणि वर थोडं. भिंतीतून साधारण ७५० वॉट ओढेल, साध्या प्लगला झेपतं, पण गुंडाळलेल्या एक्स्टेंशनवर नको आणि इन्व्हर्टरवर तर मुळीच नको. आल्या आल्या लावू नका, अर्धा तास गार होऊ द्या. संध्याकाळी व्होल्टेज पडतं ना, मग दुपारीच उरका.

टायरची हवा बघितली का? मुरमावर थोडी जास्त, चिखलात कमी. चिखलात टणक टायर रुततो आणि बॅटरी पितो.

धागाकर्ता

उशिरा उत्तर देतोय, माफी. ठाणेकर भाऊ, तुमच्या पाया पडायला हवं. ॲप टाकलं. पूर्ण चार्ज केल्यावर पंधरा गट ४.१९ ते ४.२० व्होल्ट, आणि ११ नंबरचे महाशय ४.०४. तीन सुट्ट्या त्याच्यासमोर बसून काढल्या. आता ४.१५ वर आलाय. आई म्हणते, एवढं दहावीला बसला असतास तर.

काल दोन फेरे मारले, दोन्ही वेळा चढ इकोमध्ये, डिस्प्लेवर चिकटपट्टी. मधे पिठलं-भाकरी आणि चार्जिंग. शेवटी थांबून पट्टी काढली तर ६२. ढकलावी लागली नाही. मामा थोडे निराश वाटले.

११ नंबर बदलून घ्यावा का आता?

प्रतिसाद २

इतक्यात नको. अजून दोनदा पूर्ण भरून बरोबरीला येऊ द्या. मग सपाटीवर ३० टक्क्यांपर्यंत चालवून तेव्हाचे आकडे टाका. वर बरोबरीला आला आणि खाली तरीही तोच पहिला घसरला, तर तो म्हातारा झालाय. तेव्हा बघू. आणि कुठल्याही गल्लीत पॅक उघडायला देऊ नका.