एस्पोझितो नेपल्सचंच

रोस्सी आणि एस्पोझितो ही दोन्ही इटालियन आडनावं देशभरची, असं कोणी म्हणालं. रोस्सी इटलीभर सापडतं हे मान्य, पण एस्पोझितोला त्याच रांगेत बसवणं नाही पटलं, ते मुळात नेपल्सकडचं, तिथे तर सगळ्यात कॉमन. तिथल्या अनुन्झियाता अनाथालयाच्या भिंतीत फिरतं लाकडी चाक होतं, कोणीतरी गुपचूप बाळ त्यात ठेवून जायचं, आतले लोक चाक फिरवून उचलून घ्यायचे आणि आईबाप माहीत नाहीत म्हणून रजिस्टरात सरळ एस्पोझितो, म्हणजे टाकून दिलेलं. जन्मभराचा शिक्काच की हो! शेवटी नेपल्सचा राजा म्युरा (नेपोलियनचा मेहुणा) याच्या काळात हे आडनाव देण्यावर बंदी आली, चाक मात्र १८७५ पर्यंत चालू. त्यामुळे दोन एस्पोझितो एकमेकांचे नातेवाईक असतीलच असं अजिबात नाही. मिलानच्या बऱ्याच कोलोंबो आडनाववाल्यांचंही तेच, कोलोंबो म्हणजे कबूतर, आणि टाकलेली बाळं घेणाऱ्या तिथल्या हॉस्पिटलच्या चिन्हात कबूतर होतं ना.