कौल डावा पडला तेव्हा

'देवळात गाऱ्हाणं घालायचा मान वंशाने येतो, मग घरच्याच माणसावर श्रद्धा कशी बसणार?' असं कुणी विचारतं; हा प्रश्न मलाही पडायचा. धाकटा काका देवळात गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायला उभा राहिला की सगळ्यांबरोबर 'होय म्हाराजा' म्हणताना मला हसू फुटायचं. (कालपर्यंत माझ्याकडून विडीला पैसे नेणारा माणूस!)

पण एकदा त्याने स्वतःच्या मांगराच्या (शेतावरच्या खोपीच्या) जागेसाठी कौल लावला, म्हणजे देवाची परवानगी विचारली. देवाच्या पाषाणाला ओले तांदूळ चिकटवलेले, गाभाऱ्यात आम्ही दोघेच. डावीकडचा दाणा पडला, म्हणजे नकार. पुन्हा लावला असता तर कोणाला कळणार होतं? त्याने दाणा उचलून तळहातावर धरला, 'नको म्हणता' एवढंच पुटपुटला. मांगर अजून झालेला नाही. देवाचं माहीत नाही, पण काकाच्या गाऱ्हाण्याला माझा 'होय म्हाराजा' आता मोठ्याने निघतो.