मदत हवी आहे : ‘गोल्डफिंगर’ची प्रत पहिली, पण वेष्टन कोणते?

छत्रपती संभाजीनगर येथील जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडे मला इयान फ्लेमिंग यांच्या ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँड कादंबरीची, लंडनचे प्रकाशक जोनाथन केप यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली प्रत मिळते आहे. श्रेयपानावर त्याच वर्षाची नोंद असून पुनर्मुद्रणाचा उल्लेख नाही, आणि काळ्या बांधणीवर डोळ्यांच्या खोबणीत सोनेरी नाणी असलेली कवटी उठावात दिसते. त्यामुळे आतल्या पुस्तकाबद्दल मला फारशी शंका नाही. शंका आहे ती रिचर्ड चॉपिंग यांचे चित्र असलेल्या वेष्टनाची, म्हणजे बांधणीवर चढवलेल्या सुट्या कागदी आवरणाची, कारण संग्राहक खरी किंमत मोजतात ती वेष्टनालाच. नेमका किंमत छापलेला कोपरा कुणीतरी कापलेला आहे (भेट देताना किंमत दिसू नये म्हणून पूर्वी असे सर्रास करीत), त्यामुळे हे वेष्टन नंतरच्या मुद्रणाच्या प्रतीवरून काढून चढवलेले असण्याची शक्यता उरते. वेष्टनाच्या घड्या पुस्तकाच्या आकाराशी जुळतात, कणा थोडा फिकट झाला आहे, आणि विक्रीसाठी ठेवलेल्या अन्य प्रतींच्या छायाचित्रांशी तुलना करूनही मला काही ठरवता आलेले नाही. प्रत संग्रहासाठीच हवी आहे, पुढे विकायची नाही. मुंबईला नेऊन दाखवणे मात्र शक्य नाही आणि विक्रेता आठवडाभरच थांबणार आहे. किंमतीचा कोपरा नसताना, वेष्टनाच्या आत दुमडलेल्या घड्यांवरील किंवा मागील बाजूच्या कोणत्या मजकुरावरून हे वेष्टन पहिल्याच मुद्रणाचे आहे हे ओळखता येईल?