चॅनल स्ट्रिप नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न : दादा लोक, एक शब्द क्लिअर करा. आम्ही इकडं तुळजापूरला आराधी गाणी रेकॉर्ड करतो. प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधी टाकायचे छोटे प्रोग्राम) बघायला गेलं की जिकडं तिकडं ‘चॅनल स्ट्रिप’ लिहिलेलं दिसायलंय, एकात नुसतं ईक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारं) न् कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), दुसऱ्यात रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा), डिले, पिच करेक्शन सगळंच. दोन्हीला एकच नाव कामून?

उत्तर : भाऊ, मंडपातल्या साऊंडवाल्याचा मिक्सर डोळ्यापुढं आणा. एका माईकची एक उभी पट्टी असती, वर गेन, खाली हाय-मिड-लो, ऑक्स (आवाज दुसरीकडं पाठवायचा नॉब), पॅन (डावं-उजवं), शेवटी आवाज वर-खाली करायचा फेडर. एका माईकची लाईन म्हणजे चॅनल न् ती पट्टी म्हणजे स्ट्रिप. आता १९७० चं नीव्ह १०७३ हे मिक्सरमधलं मॉड्यूल घ्या, आवाजाला लई भारी, पण त्यात प्रीअँप (माईकचा बारीक आवाज मोठा करणारा) न् ईक्यू एवढंच, कॉम्प्रेसर नाही, म्हणून त्याच्या प्लगइनला मी पूर्ण स्ट्रिप म्हणत नाही. १९७९ ला आलेल्या एसएसएल ४००० ई कन्सोलमधी, म्हणजे स्टुडिओच्या मोठ्या मिक्सरमधी, दर चॅनलला फिल्टर, ईक्यू, कॉम्प्रेसर, गेट (मेन आवाज थांबला की ट्रॅक खाली नेणारा) असं सगळं होतं, आज लोक ज्याला स्ट्रिप म्हणतात तो साचा बहुतेक तिथलाच.

पण नुसते चार डबे एकात घातले म्हणून स्ट्रिप होत नाही, त्यांचं एकमेकाशी जुळलं पाहिजे. संबळाच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावा, खालच्या जाड घुमीनं तो दरवेळी दाबायला लागतो न् काठीचा ठोका बी मरतो. तिथं हाय पास फिल्टर (खालचे जाड सूर काढणारा) कॉम्प्रेसरच्या साइडचेनला, म्हणजे ज्या आवाजावरून तो दाबायचं ठरवतो त्याला, देता आला पाहिजे, ईक्यू आधी का कॉम्प्रेसर आधी हे बटनावर बदलता आलं पाहिजे. फेजचं (आवाजाची लाट उलटी करायचं) बटन तर पाहिजेच! हलगीला पुढून एक न् मागून एक माईक लावला की दोन्ही एकमेकाला खातात, ठोका पोकळ येतो, एकाचा फेज उलटा केला की लगेच भरतो. गेटला रेंजचा (आवाज किती खाली न्यायचा त्याचा) नॉब बघा, गाणाऱ्याच्या दोन ओळींमधी मागचा संबळ दहा-बारा डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) खाली गेला तरी बास, पूर्ण बंद केला तर आवाज कापल्यावानी वाटतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ते सगळ्या ट्रॅकवर टाकता आलं पाहिजे. तीस ट्रॅकवर टाकून कॉम्प्युटर अडकायला लागला तर मिक्सिंगला काय कामाचं? सगळे नॉब बी एकाच खिडकीत पाहिजेत, ट्रॅक बदलला तरी हात त्याच जागी गेला पाहिजे.

प्रश्न : मग ते रिव्हर्बवालं काय समजायचं?

उत्तर : त्याला व्होकल चेन म्हणा. वाईट नाही ते, मेन गाणाऱ्यावर खुशाल वापरा, फक्त त्यातला रिव्हर्ब बंद करा न् सेंडवर (ट्रॅकचा थोडा आवाज जिकडं वेगळा पाठवतो तिथं) एकच रिव्हर्ब ठेवून झेलकऱ्यांना, म्हणजे मागून साथ देणाऱ्यांना बी त्यातच पाठवा, नाहीतर मेन आवाज एका खोलीत न् झेलकरी दुसऱ्या खोलीत असं ऐकू येतंय.