शुक्रवारची प्रार्थनासभा: 'आपली परीक्षा करा' (फॅमिली ग्रुप)

रूथ (धुळे): सलाम सगळ्यांना. येत्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आहे, म्हणून शुक्रवारी भुसावळला मामांकडे होणाऱ्या प्रार्थनासभेचा विषय 'आपली परीक्षा करा' ठेवलाय. बायबलचं वचन २ करिंथ १३:५: आपण विश्वासात आहोत की नाही, याची स्वतःच परीक्षा करा. मुलंही बसणार आहेत, त्यामुळे नुसतं प्रवचन नको. रोजच्या बघण्यातल्या गोष्टी सुचवा. बर्फाचे डोंगर आणि जहाजाचा नांगर दरवेळी होतो, या वेळी तापीकाठचं काहीतरी द्या.

नोएल: ती चांदी गाळणाऱ्याची गोष्ट घ्या ना, सारखी फॉरवर्ड येते. सोनार चांदी आगीत धरून बसतो, नजर काढत नाही, आणि तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला की समजतो, शुद्ध झाली. मलाखी ३:३.

अण्णा (जळगाव): नोएल, मलाखी ३:३ उघडून बघ. चेहरा कुठेच नाही. तो (देव) रुपं, म्हणजे चांदी, गाळणाऱ्यासारखा बसेल आणि लेवीच्या वंशजांना शुद्ध करील, एवढंच आहे. चेहरा मागाहून कुणीतरी जोडलाय.

अण्णा (जळगाव): आणि खरी रीत त्या गोष्टीपेक्षा जास्त शिकवणारी आहे. हिणकस रुप्यात शिसं घालतात. हाडांच्या राखेची सच्छिद्र वाटी असते, तिच्यात ते ठेवून वरून हवा खेळती ठेवत तापवतात. रुपं साधारण ९६२ अंश सेल्सिअसला वितळतं. हवेने शिशाचं भस्म होतं, ते तांब्यासारख्या हिणकस धातूंना बरोबर घेऊन राखेत मुरतं. रुप्यावर हवेचा तसा परिणाम होत नाही, ते वाटीत उरतं. अगदी शेवटी वरचा शिशाचा पातळ पडदा फाटतो आणि गोळी एकदम लखकन चमकते. काम झालं हे या चमकेवरून ओळखतात. आच कमी पडली तर पडदा तसाच गोठतो आणि शिसं आत राहून जातं. आच जास्त झाली तर रुपंही थोडं राखेत जातं. म्हणून गाळणाऱ्याला तिथे बसावं लागतं, आचेवर लक्ष ठेवायला.

अण्णा (जळगाव): यिर्मया ६:२९-३० याच भट्टीचं आहे. भाता जोरात चालला, शिसं जळून गेलं, पण हीण निघालंच नाही, आणि लोकांना नाव पडलं 'टाकाऊ रुपं'. संदेष्ट्याला धंदा माहीत होता.

आत्या (नवापूर): अण्णा, हे उत्तम. पण रूथ, एक फरक लक्षात घे. मलाखीतली भट्टी शुद्ध करण्याची आहे आणि ती देव पेटवतो. तुझा विषय पारखण्याचा आहे, आणि २ करिंथ १३:५ मध्ये ते काम विश्वासणाऱ्याने स्वतः करायचंय. दोन्ही एकत्र केलं तर मुलं घरी जाऊन म्हणतील, आजारपण आलं म्हणजे देव परीक्षा घेतोय. संकट हा वेगळा विषय आहे, १ पेत्र १:७ चा. तो दुसऱ्या शुक्रवारी घे.

रूथ (धुळे): मग सोन्याची पारख घेऊ? जळगावच्या सराफ्यात कशी करतात, अण्णा?

अण्णा (जळगाव): तीन पायऱ्या सांग, तिन्हींची मर्यादा वेगळी.

पहिली कसोटी. काळा, गुळगुळीत दगड. त्यावर दागिना घासून रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींवर तेजाब लावायचं. हलक्या सोन्याची रेघ फिकी पडते, पितळेची नाहीशीच होते. फसगत इथे होते: दागिन्यावर सोन्याचा जाड मुलामा असेल तर दगडावर मुलामाच उतरतो आणि रेघ छान टिकते. म्हणून जुना सराफ आधी कानशीने आडबाजूला खाच पाडतो आणि खाचेतलं सोनं घासतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण खाच पाडल्याशिवाय आतलं कळत नाही.

दुसरी क्ष-किरणांची मशीन. दोन मिनिटांत टक्के दाखवते, दागिन्याला ओरखडाही नाही. पण तीही वरचा अगदी पातळ थरच वाचते.

तिसरी आगीची. दागिन्यातून थोडं सोनं काढून वजन करतात, त्यात ठरलेल्या प्रमाणात रुपं मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात, मघाच्या वाटीसारख्याच वाटीत तापवतात. मणी उरतो. तो चपटा करून शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक ॲसिडमध्ये) उकळतात, म्हणजे रुपं विरघळून जातं आणि फक्त सोनं राहतं. त्याचं वजन पुन्हा करतात. हजारात ९१६ भाग भरलं तर २२ कॅरेट. अंदाज नाही, तराजू बोलतो.

बाळूदादा (फैजपूर): बराबर शे भो अण्णा. आणि हॉलमार्कचं?

अण्णा (जळगाव): शिक्का परीक्षेनंतर बसतो. शिक्क्यामुळे सोनं शुद्ध होत नाही. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, लागतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची नोंद दिसते. नंबर आहे पण नोंद जुळत नाही, तर नुसत्या छापाला अर्थ नाही. मंडळीच्या (चर्चच्या) रजिस्टरमध्ये नाव, बाप्तिस्म्याचा दाखला, घरावर क्रूस, हे सगळं शिक्क्यात धर. रोम २:२८-२९ वाचायला सांग, पौलाने सुंतेबद्दल हेच म्हटलंय.

आत्या (नवापूर): दाखला मात्र फाडायला लावू नका 😄 शिक्का खोटा असतो असं नाही, शिक्का पुरेसा नसतो.

मामा (भुसावळ): माझ्याकडचं एक घ्या. गाडी फलाटावर येताना कॅरेज-वॅगनची, म्हणजे रेल्वेचे डबे तपासणारी, माणसं रुळांच्या दोन्ही बाजूंना उभी असतात, बघितलं असेल. त्याला रोलिंग-इन तपासणी म्हणतात. गाडी थांबल्यावर तर तपासतातच, पण काही दोष चालत्या गाडीतच सापडतात. चाकाला सपाट चट्टा पडला असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक ठोका ऐकू येतो. उभ्या गाडीत तोच चट्टा नेमका रुळाला टेकलेला असला की दिसणारही नाही. एखादा भाग लोंबत असेल तर तो हलताना घासतो. बेअरिंग तापलं असेल तर वास येतो, धूर दिसतो. थांबल्यावर तापमानाची बंदूक लावून शेजारच्या बेअरिंगशी ताडून बघतात.

रूथ (धुळे): म्हणजे रविवारी बाकावर बसून केलेली परीक्षा ही उभ्या गाडीची.

मामा (भुसावळ): तसंच. याकोब २:१७, कृतीवाचून विश्वास निर्जीव, हे चालत्या गाडीचं आहे. उधारी मागायला कुणी दारात आलं की आवाज कसा होतो, वाटणीच्या जमिनीचा विषय निघाला की काय होतं, तिथे ठोका ऐकू येतो. आणि तो स्वतःला ऐकू येत नाही बरं का. डब्यातल्या प्रवाशाला वाटतं, गाडी अशीच वाजते. बाहेर उभ्या माणसाला कळतं. म्हणून परीक्षेत एक प्रश्न घरच्यांना विचारायचा ठेवा.

मामा (भुसावळ): अजून एक, हे महत्त्वाचं. चट्टा पडतो कशाने? बहुतेक वेळा ब्रेक पूर्ण सुटलेला नसतो. चाक फिरायचं सोडून रुळावर फरफटतं आणि एका जागी झिजतं. चाक काढून लेथवर गोल करता येतं. पण ब्रेक का अडकला ते न बघता नुसतं चाक गोल केलं, तर थोड्याच फेऱ्यांत चट्टा पुन्हा हजर. दर महिन्याला त्याच पापाची कबुली, तीच प्रार्थना, तेच अश्रू, असं चालू असेल तर ब्रेक तपासा. कुठली संगत, कुठली उधारी, मोबाईलमधलं काय, कुठला जुना राग अजून धरून ठेवलाय.

आत्या (नवापूर): हे मुलांना लगेच कळेल. घ्याच.

बाळूदादा (फैजपूर): केळीवर बोलू का? आपल्याकडे केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) रोग येतो, हरण्या म्हणतात. पानावर पिवळसर पट्टे, पुढे पान आकसतं, कोवळी पोंग सडते. विषाणू आहे, झाड बरं करणारं औषध नाही. मावा ही कीड तो पसरवते. शेजारी काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची असली, वातावरण ढगाळ असलं, की झपाट्याने जातो. लोक चूक काय करतात? झाड अजून हिरवं दिसतं, रोपाचे पैसे गेलेत, म्हणून खत वाढवून वाट बघतात. तेवढ्यात मावा शंभर झाडांवर फिरून येतो. नियम साधा: लागवडीनंतर बाग सतत फिरून बघायची, रोगट झाड मुळासकट काढून बागेबाहेर पुरायचं किंवा जाळायचं, मावा आवरायचा. मंडळीतही असंच पाहिजे. एक रोगट सगळी बाग घालवतो.

आत्या (नवापूर): बाळू, शेतीचं सगळं पटलं, शेवटची दोन वाक्यं नाही पटली. मत्तय १३:२९-३० मध्ये चाकर नेमकं हेच विचारतात, गव्हातलं निदण (तण) उपटू का? धनी म्हणतो, नको, उपटताना गहूही निघेल, कापणीपर्यंत राहू द्या. माणसं उपटण्याचं काम चाकरांना दिलेलं नाही.

बाळूदादा (फैजपूर): १ करिंथ ५ मध्ये पौल काढायलाच सांगतो ना पण.

आत्या (नवापूर): सांगतो, उघड पाप करून मिरवणाऱ्या एका माणसाबद्दल, आणि ते सगळ्या मंडळीने मिळून करायचं. मत्तय १८:१५-१७ चा क्रमही बघ: आधी एकट्याने एकांतात, मग दोघं-तिघं साक्षीला, मग मंडळी. शुक्रवारचा विषय 'आपली' परीक्षा आहे. हरण्याचं झाड म्हणजे स्वतःतली सवय, मत्तय ५:२९-३० प्रमाणे: डोळा पापात पाडत असेल तर उपटून टाक. तुझं 'खत वाढवून वाट बघतात' हे त्यासाठी अगदी चपखल आहे. सवय तशीच ठेवून उपास आणि प्रार्थनेचे तास वाढवणारे पुष्कळ.

बाळूदादा (फैजपूर): हां, असं मान्य. मग कार्बाइडची केळी पण घ्या. रंग लवकर येतो, साल पिवळी, आत गर कच्चा राहतो. त्याच्यावर कायद्याने बंदी आहे. रायपनिंग चेंबरमध्ये साधारण १६ ते १८ अंशांवर इथिलीन देतात, तो वायू केळं स्वतःही तयार करतं. पण घडच कोवळा कापलेला असेल तर चेंबरही गोडी आणू शकत नाही. शिबिरात मुलांकडून घाईघाईने विश्वासाच्या साक्षी वदवून घेतात, त्यांना हे सांगा.

नोएल: एक विचारू? परीक्षेत नापास झालो असं वाटलं तर रविवारी प्रभुभोजन घ्यायचं नाही का? आमच्या ओळखीतले काही जण दोन-दोन वर्षं घेत नाहीत.

आत्या (नवापूर): चांगलं विचारलंस, कारण इथेच जास्त गोंधळ होतो. १ करिंथ ११:२८ म्हणतं, परीक्षा करा आणि मग त्या भाकरीतून खा. परीक्षा खाण्याआधीची तयारी आहे, न खाण्याचं कारण नाही. आणि आधीची वचनं, २१ आणि २२, वाच. तिथे झालं काय होतं? काही जण आपलं जेवण आधीच उरकत, पिऊन तर्र होत, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. पौलाचा राग त्यावर आहे. म्हणून तिथली परीक्षा फक्त 'मनात वाईट विचार आला का' एवढी नाही, शेजारी बसलेल्या गरीब भावाशी मी कसा वागतो, हीसुद्धा आहे. आपल्या समारंभांत कोण आधी जेवतं आणि कोण शेवटी, तिथून सुरुवात करा.

२ करिंथ १३:५ चाही संदर्भ सांग, रूथ. करिंथकर पौलाकडे पुरावा मागत होते, ख्रिस्त तुझ्यातून बोलतो कशावरून (१३:३). पौल म्हणाला, स्वतःला पारखा. दुसऱ्याला पारखायला निघालेल्यांसाठी लिहिलेलं वचन आहे ते.

रूथ (धुळे): आणि प्रश्न कुठले ठेवू? मागच्या वेळी चाळीस प्रश्नांची यादी होती, लोक सातव्यालाच पेंगले.

आत्या (नवापूर): योहानाच्या पहिल्या पत्रातून तीनच घे. येशू देहाने आलेला ख्रिस्त आहे हे मी मानतो का (४:२). त्याच्या आज्ञा पाळतो का (२:३). भावावर प्रीती करतो का (३:१४, ४:२०). तिसऱ्याला सगळ्यात जास्त वेळ दे, तिथे माणूस पळवाटा काढतो. 'भाऊ' म्हणताना जगभराचे ख्रिस्ती डोळ्यांपुढे आणायचे नाहीत, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव आणायचं.

पद्धत अशी ठेव. आधी स्तोत्र १३९:२३-२४ मोठ्याने, म्हणजे झडती घेणारा देव आहे हे आधी ठरतं. मग एकेका प्रश्नाला पाच मिनिटं शांतता. ज्याला लिहायचं त्याने लिहावं. कागद गोळा करू नकोस, कुणाला वाचायला लावू नकोस, नाहीतर लोक दाखवण्यापुरतं लिहितात. शांततेनंतर लगेच १ योहान १:९ (पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) आणि ३:२० (देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे) वाच. हे विसरलीस तर हळव्या मनाची माणसं रडत घरी जातील आणि निबर तशीच राहतील. दर तासाला स्वतःची नाडी बघणारा माणूस निरोगी नसतो. परीक्षा झाली की नजर ख्रिस्ताकडे, पुन्हा पुन्हा आत नाही.

मामा (भुसावळ): आणि सभा शुक्रवारी ठेवली हे बरं झालं. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी जाऊन समेट करायचा तर मध्ये शनिवार मिळतो. रविवारी सकाळी परीक्षा आणि तासाभराने प्रभुभोजन, मग समेट करायला जाणार कधी?

अण्णा (जळगाव): पैशाचं असेल तर नुसतं 'माफ कर' नको. लेवीय ६:५ मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा आहे. लूक १९ मधल्या जकातदार जक्कयाने चौपट म्हटलं. निदान मुद्दल तरी घेऊन जा.

रूथ (धुळे): ठरलं. कसोटी अण्णा, चाक मामा, हरण्या बाळूदादा, प्रश्न आत्या. प्रत्येकी सात मिनिटं. कार्बाइड आणि भट्टी पुढच्या वेळी. नोएल वचनं वाचेल. अण्णा, दगड आणाल ना?

अण्णा (जळगाव): दगड आणतो, एक पितळेची अंगठी आणि एक सोन्याची. दोन्ही रेघा शेजारी ओढून मुलांना विचारू, सोन्याची कुठली. बऱ्याच जणांचं चुकेल. तेजाब मात्र आणणार नाही. बंद खोलीत वाफ चढते, आणि मुलं हात लावल्याशिवाय राहत नाहीत. तेजाब लावल्यावरचा फोटो मोबाईलवर दाखवू.

मामा (भुसावळ): साडेसहाला सुरू करू. सतरंज्या आहेत, खुर्च्या फक्त आठ. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी या.