पांढरा ओक यंदा रिकामा का?

गेल्या वर्षी ज्या पांढऱ्या ओकखाली हरणं हमखास यायची, तिथे यंदा एकही का फिरकत नाही, हा हरणांच्या शिकारीला बसणाऱ्यांचा प्रश्न असतो. झाड तेच असलं तरी यंदा त्याला फळ धरलंय का, हे आधी बघा. पांढरा ओक दरवर्षी फळत नाही. भरघोस पीक साधारण ४ ते १० वर्षांतून एकदा. त्याचं एकॉर्न (ओकचं फळ) एकाच हंगामात पिकतं, त्यामुळे वसंतात मोहराच्या वेळी कडक दंव पडलं की त्याच शरदात झाड मोकळं. लाल ओकला दोन हंगाम लागतात, म्हणून त्याच दंवाचा फटका त्याला पुढच्या वर्षी बसतो. अशा साली सरळ लाल ओककडे बसावं. पानांची टोकं अणकुचीदार असतात, चटकन ओळखू येतो.

पांढऱ्या ओकच्या एकॉर्नमध्ये टॅनिन (तुरट द्रव्य) कमी, तुरटपणाही कमी, म्हणून हरणं आधी त्यावर तुटून पडतात. आमिष म्हणून टाकलेल्या मक्याच्या ढिगाकडे मग ढुंकूनही बघत नाहीत. पण हे एकॉर्न सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतं आणि लगेच रुजू लागतं. खारी, टर्की, अस्वलं वाटेकरी असतातच! मचाण बांधण्याआधी ऑगस्टमध्ये दुर्बिणीने शेंडे न्याहाळा, एकॉर्न धरलंय का ते कळेल.