जांभ्या जमिनीत क्रशरची भुकटी आणि जिवाणू: हापूसला पालाश मिळेल का?

कातळवाडी: राजापूरकडे कातळाला लागून दहा वर्षांची वीस हापूस कलमं आहेत. मातीचा सामू (pH) ५.४ म्हणजे आम्ल, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) दोन्ही कमी. क्रशरची काळ्या दगडाची भुकटी फुकट मिळते. तीत स्फुरद आणि पालाश विरघळवणारे जिवाणू मिसळले तर विकतचं खत थांबवता येईल का?

जांभामाती: पालाशासाठी नाही. जिवाणू पालाश तयार करत नाहीत, दगडात अडकलेला सोडवतात. काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात पालाश एक टक्क्याच्याही आत. जांभ्यातला तर पावसाने कधीच धुऊन नेलाय. भुकटीतून कॅल्शियम, मॅग्नेशियम मिळेल, तेही सावकाश. झाडाला वर्षाला १ किलो पालाश लागतो, तो २ किलो सल्फेट ऑफ पोटॅशमधूनच द्या.

स्फुरदाचं मात्र जमतं. आपल्याकडे सुपर फॉस्फेट टाकलं की लोह-ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात. त्यापेक्षा २० टक्के स्फुरदाचं रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाच्या दगडाची भुकटी, घ्या. ते आम्ल मातीत विरघळतं, आणि जिवाणूंनी सोडलेली सेंद्रिय आम्लं लोहाची पकडही सैल करतात. झाडाला अर्धा किलो स्फुरद, म्हणजे अडीच किलो रॉक फॉस्फेट. वीस झाडांना ५० किलोची एक गोणी पुरते.

पातेरा: ती गोणी नुसती आळ्यात ओतू नका. आम्ल करायला जिवाणूंना खाद्य लागतं. मार्चमध्ये सावलीत ४ क्विंटल शेण आणि पातेऱ्यात (वाळक्या पानांत) थराथराने मिसळा. मूठभर दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. पंधरवड्याने ढीग परता.

मिरगाच्या पावसानंतर फांद्यांच्या घेराखाली वीतभर खोल चरात घाला, वर माती आणि पातेरा. उतारावर चर वरच्या अंगाला अर्धगोल काढा, नाहीतर सगळं खाली वाहून जातं.

कातळवाडी: जिवाणू पहिल्याच दिवशी घातले तर?

पातेरा: मरतील. पहिले दोन-तीन आठवडे ढीग आतून ५०-६० अंश तापतो. कोपरापर्यंत हात घालून चटका बसेना झाला की मगच जिवाणूंचं अर्धा लिटर द्रव संवर्धन (बाटलीतलं जिवाणू खत), १ किलो गूळ, २० लिटर विहिरीचं पाणी शिंपडा. नळाचं क्लोरीनवालं नको.

जांभामाती: चुना आणि चुलीची राख या ढिगात अजिबात नको. सामू चढला की रॉक फॉस्फेट तसंच पडून राहतं. बोर्डो मिश्रण फवारलेला पंपही धुतल्याशिवाय वापरू नका, मोरचुदाने जिवाणू जातात.